मावशीवाचून मावसभाऊ

माझा उजवा कोपर हा माझ्या शरीरातला सर्वांत वाचाळ अवयव आहे. बोलायचं तर तोंड निदान उघडावं लागतं; कोपर नुसता टेकला तरी घात करतो. त्या दुपारी डबिंग स्टुडिओत तो टेकला तो नेमका लाल बटणावर. हे बटण दाबलेलं असेपर्यंत काचेच्या अलीकडचं सगळं बोलणं काचेपलीकडे माइकपुढे उभ्या असलेल्या कलावंताच्या कानात जातं. माझा कोपर ते अगदी मन लावून दाबून बसला होता.

आणि मी बोलत काय होतो? परदेशी मालिका आपल्या भाषेत आणताना त्यांचे संवाद लिहायचे, हा माझा धंदा. चॅनेलकडून ताजी सूचना आली होती : मालिकेतले मुख्याध्यापक आणि त्यांचा जोडीदार या दोघांना इथून पुढे 'मावसभाऊ' करावं. म्हणजे इतके भाग एका घरात राहणारे, एकमेकांचे चष्मे शोधून देणारे, भांडण झालं की एकाच पलंगावर पाठ फिरवून झोपणारे हे दोन पुरुष एका रात्रीत एकाच आजोबांचे नातू होणार. मला हसू आवरेना.

"त्यात काय अवघड आहे?" मी रेकॉर्डिस्टला म्हणालो. "आपल्या खर्जदादांना विचार. त्यांच्या घरी आहेच की एक मावसभाऊ. दादांची आई एकुलती एक बरं का! मावशी नसताना मावसभाऊ मिळवणारा जगातला एकमेव माणूस!"

रेकॉर्डिस्ट हसला नाही. तो माझ्या कोपराकडे बघत होता. मग मीही बघितलं. मग आम्ही दोघांनी काचेपलीकडे बघितलं.

काचेपलीकडे खर्जदादा उभे होते, कानांवर हेडफोन, हातात कागद. त्यांनी मान वर केली नाही. कागदाचं पान उलटलं, आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसूनही ते वाचत राहिले.

खर्जदादा हे आम्ही ठेवलेलं नाव. आवाज असा तळघरातून येतो, की त्यांनी फोनवर साधं 'हॅलो' म्हटलं तरी पलीकडचा माणूस उगाच खुर्चीत सावरून बसतो. न्यायाधीश, राजे, जहाजांचे कप्तान हे सगळे त्यांच्याच घशात राहायला. सिमेंटच्या जाहिरातीत ते 'मजबूत' म्हणाले की आमच्या ओल आलेल्या भिंतीलासुद्धा धीर यायचा.

पण एखाद्या चित्रपटात गे पात्र आलं की दिग्दर्शक म्हणायचा, "दादा, जरा बारीक काढा. थोडं लचकवा." पात्र ठरलेलं. गळ्यात रंगीत रुमाल, नायकाचा गालगुच्चा घ्यायचा, थप्पड खायची आणि निघून जायचं. दादा कुठून तरी एक चिरका आवाज काढायचे. प्रेक्षक लोळायचे, आम्ही तर आधीच लोळलेले असायचो. काम झालं की दादा थर्मास उघडून, चटका बसेल इतक्या गरम पाण्याने गुळण्या करायचे.

"एवढ्याने घसा बसतो होय तुमचा?" मी एकदा विचारलं होतं.

"बसत नाही. चिकटतं काहीतरी आत."

तो थर्मास रोज सकाळी भरून द्यायचा तो त्यांचा मावसभाऊ. चष्म्याच्या दुकानात नोकरी, बोलणं कमी. फार वर्षांपूर्वी घरमालकाने विचारलं होतं, "हे तुमचे कोण लागतात?" दादांच्या तोंडात जे पहिलं नातं आलं ते त्यांनी सांगितलं, आणि तेच दारावरच्या पाटीसारखं कायमचं चिकटलं.

मग ही मालिका आली. पहिल्या दिवशी दादांनी सवयीने विचारलं, "मुख्याध्यापकांना बारीक काढू ना?" दिग्दर्शक पडद्याकडे बघत म्हणाला, "कशाला? तो कुठे बारीक बोलतोय?" खरंच. पडद्यावरचा तो माणूस गणित शिकवत होता, शिपायावर डाफरत होता, बूट चावतोय म्हणून लंगडत होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्याशी दूध उतू गेलं म्हणून वाद घालत होता. दादांनी हेडफोन काढला, पाणी प्यायले, आणि आपल्या खऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले. अलीकडे न्यायाधीश आणि कप्तान नव्या पोरांकडे गेलेत. दादांच्या हाती उरली होती ती एवढी एकच भूमिका.

आणि आज तिच्यातला सगळ्यात मोठा प्रसंग होता. जोडीदार जिन्यावर कोसळलाय. इस्पितळाच्या खिडकीपलीकडची परिचारिका विचारते, "तुम्ही त्यांचे कोण लागता?" कॅमेरा मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर, इतका जवळ की पडदाभर ओठच.

दार उघडून चॅनेलच्या मॅडम आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या. माझा कोपर तोवर मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.

"सुरू करा," काचेपलीकडून दादा म्हणाले.

चित्र धावलं. परिचारिकेचा प्रश्न झाला. दादा म्हणाले, "मी त्यांचा नवरा."

"दादा, कागदावर मावसभाऊ आहे," मॅडम टेबलापाशी येऊन, बटण दाबून म्हणाल्या.

"हो. दिसतंय."

"मग?"

"पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. "मी त्यांचा नवरा."

रेकॉर्डिस्टने माझ्याकडे बघितलं. मॅडमनी फोन उपडा ठेवला. "दादा, मला स्वतःला काही प्रॉब्लेम नाहीये हो. वरून आलंय. घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघतात."

दादा आपला कागद चार बोटांनी सरळ करत राहिले.

आपण लावलेली आग आपणच विझवावी, म्हणून मी मध्ये उडी घेतली. "मॅडम, तांत्रिक अडचण आहे. 'म' आणि 'भ' म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर तो 'मी' म्हणून ओठ उघडतो ते उघडेच. 'मावसभाऊ' बसतच नाही! लोक म्हणतील डबिंग गंडलंय."

मॅडमनी चित्र दोनदा मागेपुढे करून पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

"नातेवाईक?" त्या म्हणाल्या.

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ना-ते-वा-ईक. ओठ कुठेच मिटत नव्हते. जरा घाईने म्हटलं तर चपखल बसत होतं. माझी हुशारी आजवर इतक्या झटपट कुणाच्याच कामी आली नव्हती.

"बघा, बसतंय," मॅडम म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "माझ्याकडे दुसरा आवाज तयार आहे. मला तसं करायचं नाहीये. पण करावं लागेल."

काचेपलीकडे हे जावं अशी त्यांची इच्छा होती की नव्हती, ठाऊक नाही. पण या वेळी बटण त्यांनीच दाबलेलं होतं. दादांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"बरं, मधला रस्ता काढू," मॅडम म्हणाल्या. "नवरा घेतलाय तो राहू दे. 'नातेवाईक'ची एक सेफ्टी द्या. वरचे ऐकतील आणि ठरवतील."

सेफ्टी म्हणजे खिशात ठेवायचा जादा टेक. पहिला नको झाला तर हा आहे. दादांनी जन्मात कुणाला सेफ्टी नाकारली नव्हती. शिंकसुद्धा दोन प्रकारे द्यायचे. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी बटण दाबलं, या वेळी बोटाने.

"दादा, एकच सेफ्टी. चिमूटभर वाक्य. तुमचं काय जातंय?"

त्या दुपारी दादांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.

"नाही देणार."

"अहो, पण का?"

"सेफ्टी दिली की तीच वापरतात. मी आयुष्यभर तीच देत आलोय."

त्यांनी हेडफोन खुंटीला अडकवला, बाहेर आले, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि थर्मास उघडला. झाकणात पाणी ओतताना थोडं गुडघ्यावर सांडलं. मॅडम फोन घेऊन बाहेरच्या बोळात गेल्या. दाराच्या फटीतून तुकडे येत होते. "नाही हो, ऐकत नाहीत..." "...उद्या दाखवायचाय..." "...नवीन आवाज बसवायला वेळ कुठाय?" रेकॉर्डिस्ट एक केबल गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. मला एक विनोद सुचला. तो मी गिळला, आणि खरं सांगतो, फार जड गेला.

मॅडम आत आल्या. "या भागात 'नवरा' राहू दे म्हणालेत. पुढच्या भागाला तुम्ही असाल की नाही, ते बघू म्हणाले. दादा, मी काही शब्द देत नाही हं."

"मी मागितला नाही," दादा म्हणाले, आणि झाकण घट्ट लावलं.

खाली फाटकाशी दादांचा तो मावसभाऊ उभा होता, दुकानातून परस्पर आलेला. खिशाला मऊ फडकं लोंबत होतं. दादांनी थर्मास त्याच्या हाती दिला आणि म्हणाले, "उद्याचा भाग चुकवू नकोस."

"का? मरतो का तो?"

"नाही. बघ तू."

त्याने दादांच्या चेहऱ्याकडे एक क्षण बघितलं. मग माझ्याकडे वळून हसला. "तुम्ही ते संवाद लिहिणारे ना? तुमचे विनोद येतात आमच्या घरी."

कुठले कुठले विनोद घरी पोचले असतील, याचा हिशेब मी भर रस्त्यात करायला लागलो आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तो स्कूटर काढायला गेला. दादा आणि मी दोघंच उरलो.

"दादा," मी म्हणालो, "इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं आपण. मला एकदा तरी सांगायचं होतंत."

दादांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला, आणि त्या तळघरातल्या आवाजात म्हणाले, "तू विचारलंस कधी? तू हसायचास."