नवरात्रात सोडलेल्या गोळ्या

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंचं आधी सांगते. रोजची गोळी मला त्यांनीच मिळवून दिली, आणि मी ती सोडली तेव्हा रागावल्याही त्याच.

आमच्या मालकांना एचआयव्ही आहे. लग्नानंतर टीबी झाला तेव्हा कळलं. ते त्यांची गोळी घेतात, मला होऊ नये म्हणून मी माझी घेते. मी हिमायतनगरकडची, आठवीत शाळा सुटलेली. कामासाठी लातूरला आलो, हितं आमचं कुणी न्हाई. ते दाळमिलमध्ये होते, मी शिकवणीच्या पोरांच्या मेसमध्ये चपात्या लाटते.

एकदा बाईंनी ह्यांना बजावलं, "पित्ताचं पातळ औषध गोळीसोबत घेऊ नका. मध्ये काही तास जाऊ द्या, नाहीतर गोळी लागू पडत नाही." मी शेजारीच बसलेली. ते माझ्याही डोक्यात पक्कं बसलं.

नवरात्रात मी नऊ दिवस उपवास धरते. नुसता चहा, साबुदाणा, शेंगदाणे, त्यात दिवसभर तव्यापुढं उभं राहायचं. छातीत लई जळजळ व्हायला लागली. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणल्या आणि दोन्हीचं जमणार न्हाई म्हणून रोजची बंद केली. बाईंना विचारलं न्हाई. उपवास सोड म्हणतील, ही भीती. दसरा झाला तरी जळजळ थांबेना, मी दिवाळीपर्यंत गोळीविना तशीच राहिले. ह्यांनाही बोलले न्हाई. संसार चालूच होता, जवळ येणंही.

दिवाळीच्या झाडझुडीत माझ्या गोळ्यांची डबी ह्यांच्या हाताला लागली.

"एवढ्या उरल्या कशा गं?"

मी सांगितलं. ते तिथंच खाली बसले.

"म्हंजे मी तुला मारून राहिलो व्हतो."

दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन कपडे घालून ते इस्लापूरला आईकडं गेले.

मी एकटीच बाईंकडं गेले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"अक्का, नऊ दिवस देवीचे. पुढचे वीस कुणाचे?"

मला रडू आलं तसा त्यांनी हात धरला. "मी सांगितलं ते त्यांच्या गोळीचं होतं. तुझ्या गोळीला पित्ताच्या औषधानं काही होत नाही. दोन्ही घेतल्या असत्या तरी चाललं असतं. आणि तुझी गोळी सुरू केली तेव्हा तसं नव्हतं, पण आता त्यांचा विषाणू औषधानं इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. त्यांच्याकडून तुला लागायची भीती नव्हतीच."

लगेच तपासणी केली, तीन महिन्यांनी परत केली. दोन्ही वेळा निगेटिव्ह. ह्यांना फोन लावला.

"नीट हायस न्हवं? बास. तशीच ऱ्हा."

बाईंनीही समजावलं. ते हाव हाव म्हणतात, येत न्हाईत. नांदेडहून गोळ्या मात्र नेतात, तेवढं बाईंनी कबूल करून घेतलं.

रविवारी मेस बंद असते. एका माणसापुरता भात किती टाकायचा, ते मला अजून जमत न्हाई.

बाई, तुमचं मी फेडीन. कधी ते सांगता येत न्हाई, पण ह्यांना लातूरला आणीन आणि आम्ही दोघं मिळून तुमच्यासमोर बसू. तोवर माझ्यासारखी कुणी न विचारता गोळी सोडून आली, तर मला बोलवा. तिच्याशी मी बोलीन.