खोऱ्याच्या पुस्तकातली माझी ओळ

कुर्डुवाडीच्या फलाटावर आबांनी, माझ्या वडिलांनी, खताच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल माझ्या हातात दिली. शाळेचा दाखला, मार्कलिस्ट, जातीचं प्रमाणपत्र आणि त्याच्या पडताळणीचा कागद, सगळं मूळ. "परदेशात कवा काय मागतील सांगता येत न्हाय. तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आमचं घर सांगोल्याकडचं, मेंढपाळाचं. आजोबा जन्मभर कळपामागं फिरले, शाळेची पायरी चढले नाहीत, त्यामुळं घराण्याचा जुना पुरावा कुठंच नव्हता. पडताळणी झालेला घरातला मी एकटा. त्या एका कागदासाठी आबांनी सोलापूरचे इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाईसुद्धा त्यांना नावानं ओळखायला लागला.

आता मी नॉर्वेतल्या एका खोऱ्यात राहतो. मधून नदी, दोन्हीकडं डोंगर. उन्हाच्या अंगाला जुनी, खाऊनपिऊन सुखी शेतं आणि सावलीच्या अंगाला गरिबांची. हिवाळ्यात कैक दिवस सूर्य डोंगराच्या वर येत नाही. उन्हाळ्यात मेंढरं वरच्या माळावर मोकळी सोडतात, राखणीला माणूस नसतो. आबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांला मालक तरी कशाला पायजे?"

इथल्या कम्युनच्या, म्हणजे आपल्या पंचायतीसारख्या कचेरीच्या, दप्तरखान्यात मी जुने कागद स्कॅन करतो. या खोऱ्याचं स्वतःचं एक जाडजूड पुस्तक आहे. प्रत्येक शेतावर कोण राहिलं, कुणाचा मुलगा, कुणाशी लग्न, कोण अमेरिकेला गेलं, सगळं पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं. जुन्या साथीत माणसं मेल्यानं जी शेतं ओस पडली, त्यांचीही नावं त्यात आहेत. पूर्वी इथं माणूस ज्या शेतावर राहायचा त्याचंच नाव लावायचा. शेत बदललं की आडनाव बदललं. नागरिकत्व घेताना मीही तेच केलं. ज्या शेतावर भाड्यानं राहतो त्याचं नाव लावलं. लोकांना आमचं आडनाव म्हणता येत नाही, हे सांगायचं कारण. खरं कारण असं की आपल्याकडं आडनाव सांगितलं की माणसाला कुठं बसवायचं ते ठरतं, आणि मला ते आता नको होतं. त्याच आठवड्यात ती फाईल मी कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. दिवसभर दुसऱ्यांचे कागद जपणारा मी. आणि मला हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

मागच्या वर्षी धाकट्या भावाचा, दत्ताचा, फोन आला. त्याच्या मुलीचा, सोनालीचा, फार्मसीला राखीव जागेवर नंबर लागला होता. "अण्णा, तुजा पडताळणीचा कागद पाठीव. रक्ताच्या नात्यातला चालतोय म्हनं. फोटू काडून पाठीवला तरी हुईल."

मी म्हणालो, शोधतो. तीन दिवस शोधतोय असंच सांगत राहिलो. चौथ्या दिवशी खरं बोललो. सोलापूरहून नक्कल काढायची तर त्या कागदावरचा नंबर पाहिजे होता, तो मला आठवला नाही. मग मी सख्खा काका असल्याचं प्रतिज्ञापत्र पाठवलं. त्यावरचं माझं नवं आडनाव बघून पडताळणीच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसानं दत्ताला विचारलं, "हा तुमचा भाऊ कसा?" प्रवेशाची मुदत संपली. सोनाली आता सांगोल्यात औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दत्ता माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचा राग येत नाही.

माझ्यासारखे बाहेर पडलेले लोक घराची आठवण येते म्हणून भाकरी थापतात, ठेचा कुटतात. मी तेही सोडून दिलंय. घर म्हणजे आता रविवारी येणारा आबांचा फोन, तेवढंच.

यंदा खोऱ्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. त्यात मीही आहे, एक ओळ. माहितीचा फॉर्म मीच भरला होता. वडिलांचं नाव लिहावं तर आडनावं जुळेनात, कोण समजावत बसणार, म्हणून तो रकाना कोरा सोडला. बोलता बोलता पुस्तकाचं आबांना सांगून बसलो.

"तुजं नाव छापलंय? लई झ्याक झालं," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "माजं बी आसंल की त्यात?"

"व्हय आबा," मी म्हणालो. आबांना वाचता येत नाही, हे मला बोलतानाच आठवलं होतं.