पाठीतलं पाणी आणि भाऊंची काठी

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेत होतो. पिशवी खाली ठेवली, दुःख होण्याची थोडा वेळ वाट पाहिली... मग भेंडी घेतली.

भाऊ माझे थोरले चुलतभाऊ. बहादरपूरला केळीच्या बागा, शहरात घर, आणि प्रत्येक समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची. गुडघे ठणठणीत असूनही चांदीच्या मुठीची काठी घेऊन हिंडत. भाषणात उगारायला बरी पडे. शोकसभेत त्यांना ‘कुटुंबाचा वटवृक्ष’ म्हटलं गेलं. त्या सावलीत काय वाळलं, ते मी पाहिलं आहे.

त्यांची सून वैशाली शाळेत शिकवायची. तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागलं, मग एक पाय बधिर झाला. इंदूरच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मेंदूतले डाग सुजेचे वाटतात. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासू. रक्तात नसलेली काही प्रथिनं तिथे सापडली, तर शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय या निदानाला बळ मिळेल, उपचार लवकर सुरू करता येतील.

“पाठीत सुई? बाई कायमची बसेल!” भाऊ गरजले. “ये लकवा है. आपल्या घरात लकव्याला तेल आणि शेकच चालतो.”

त्यांचा मुलगा नीलेश, वैशालीचा नवरा, गप्प बसला. तेवढं वडिलांनी त्याला नीट शिकवलं होतं. गरम शेकाने वैशालीची नजर आणखी धूसर व्हायची. भाऊ म्हणायचे, “असर हो रहा है.” वर्षभर असर होत राहिला, आणि दुसरा पायही लटपटू लागला.

“काका,” ती मला म्हणाली, “बसायचंच असेल तर बसेन. कशामुळे बसले, ते तरी कळू द्या.”

मी तिला इंदूरला नेलं. सुईनंतर थोडं डोकं दुखलं, इतकंच. प्रथिनं पाण्यात होती, रक्तात नव्हती. औषधांनी आजार थोपवला. गेलेलं परत आलं नाही. भाऊंनी माझ्याशी बोलणं सोडलं, ही त्यांनी मला दिलेली एकमेव भेट. पुढे स्वतःच्या छातीत कळ आली, तेव्हा मात्र त्यांनी एकही तपासणी सोडली नाही.

शोकसभेत ती काठी फोटोशेजारी उभी केली होती, हार घालून. श्रद्धांजलीला सगळे उठले. वैशालीने हात लांबवून काठी ओढली, हार काढून फोटोवर टाकला.

“अगं, भाऊंची आठवण आहे ती!” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“म्हणूनच लागते मला,” ती म्हणाली, आणि उभी राहिली.

आता काठी तिच्या दाराशी असते. चांदी काळी पडली आहे, पुसायला कुणी जात नाही. खाली रबर मात्र बसवून घेतलंय... भाऊंना त्याची कधी गरजच पडली नव्हती.