भट्टी निवेपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘कल्हईवाली’ म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. शर्टाच्या बटणाएवढ्या स्फटिकाच्या चकत्यांवर ती हाडात असतं त्याच खनिजाचा थर चढवी. इतका पातळ, की नुसती निळसर झाक दिसे. अशा चकतीवर रक्तातली प्रथिनं येऊन बसली की त्यांचं वजन यंत्राला कळे. असाच थर दिलेला कृत्रिम सांधा शरीर कितपत आपलासा करील, याचा अंदाज संशोधक मॅडम त्यावरून बांधत.

हल्ली मात्र थर टिकेना. चकती पाण्यात घातली की पापुद्रे सुटत. द्रावण बदलून झालं, यंत्राला शिव्या घालून झाल्या.

घरीही ओढाताण होती. खुब्याचं ऑपरेशन झालेली नणंद राहायला आली होती आणि नवरा फिरतीवर. संध्याकाळ झाली की हिचा जीव टांगणीला लागे.

एके दिवशी थर पक्का करायच्या भट्टीतून काढलेली चकती तिने लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि तिच्या डोळ्यांदेखत थराला केसासारखी चीर गेली. चकती अजून गरम होती. तेव्हा तिला उमगलं: घरी पळायच्या घाईत तीच भट्टीचं दार लवकर उघडत होती.

ती तडक मॅडमकडे गेली. “चूक माझी आहे. भट्टी निवायच्या आत मी दार उघडते.”

“आणि मी इथे द्रावणं बदलत बसलेय!” मॅडम चिडल्या. मग जरा शांत होऊन म्हणाल्या, “उद्यापासून थांबत जा.”

घरी तिने नणंदेला सगळं सांगितलं.

“म्हणजे माझ्यामुळे झालं.”

“तुमच्यामुळे नाही हो वन्सं, माझ्या घाईमुळे.”

“अगं, माझा खुबा बदललाय, डोकं नाही. पाणी, गोळ्या हाताशी ठेव आणि खुशाल उशिरा ये.”

“आणि पडलात तर?”

“तर बोंब मारीन. शेजारीण काही बहिरी नाही.”

दुसऱ्या दिवशी ती थांबली. मधेच व्हरांड्यात जाऊन तिने घरी फोन केला, तर नणंदेने “झोपू देशील का?” म्हणून झापलं. भट्टी पूर्ण निवल्यावरच तिने दार उघडलं.

त्या चकत्या पाण्यात टिकल्या. प्रथिनं बसू लागली तशी यंत्राच्या पडद्यावरची वजनाची रेघ हवी तशी वळली आणि स्थिर झाली. मॅडम “जमलं बाई एकदाचं” एवढंच म्हणाल्या आणि कोऱ्या चकत्यांची डबी तिच्यापुढे सरकवली.

ती घरी पोचली तेव्हा नणंद वॉकर घेऊन बोळकांडीत येरझारा घालत होती.

“वन्सं, आमचा थर टिकला!”

“बरं झालं. आता बाजूला हो, माझी फेरी अर्धी राहिलीय.”

ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि नणंदेला वाट दिली.