बटणात न मावलेला ‘या’

गाद्यांच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर एकोणतीस वर्षं उभ्या राहिलेल्या या माणसाने विकायच्या गादीला आयुष्यात एकदाही पाठ टेकली नव्हती. दुकानात त्यांना सगळे लोळेकाका म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक आलं की काका एवढंच म्हणत, "जरा लोळून बघा," आणि खिडकीशी जाऊन चष्मा पुसत उभे राहत. चष्मा आधीच लख्ख असे. पण डोक्याशी उभं राहून कोणी गादीचे गुण गायला लागलं, की पडलेला माणूस ओंडक्यासारखा ताठ होतो, हे काकांचं शास्त्र होतं. बूट घालून पाय बाहेर लोंबत ठेवणारा नुसता वेळ काढायला आलेला असतो. ज्याने न सांगता बूट काढले, तो घेणार.

अलीकडे बूट काढायला वर कोणी येईनासं झालं होतं. लोक घरबसल्या फोनवरून गाद्या मागवत. न लोळता गादी घेणं म्हणजे पायात न घालता बूट घेणं, असं काका म्हणत. हल्ली लोक बूटही तसेच घेतात, हे त्यांना सांगायचा धीर कोणाला झाला नव्हता.

दुकानाची वेबसाईट मालकांची सून सांभाळायची. बाई हुशार, कामाला वाघ, आणि तिच्याशी कोणी हवापाण्याच्या गप्पा मारल्या तरी उत्तर टक्क्यांत मिळे. तिने ठरवलं, तिसऱ्या मजल्याचं गोदाम करायचं आणि लोळेकाकांना तिथेच पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायला बसवायचं. हे कानावर येताच काका जिन्यात उभे राहून म्हणाले, "त्या पानावर गादी विकायची अक्कल आहे कोणाला?" ते जिन्याला म्हणाले होते, पण जिन्यात सूनबाई होती.

"तुम्ही करून दाखवा, काका," ती म्हणाली. "एक पान तुमचं, एक माझं. साईटवर येणाऱ्या निम्म्या लोकांना तुमचं दिसेल, निम्म्यांना माझं. कोणाला कोणतं, ते यंत्र ठरवेल. तीन आठवड्यांत तुमच्या पानावरून जास्त गाद्या गेल्या, तर मजला राहील."

"आणि नाही गेल्या तर?"

"तर चिठ्ठ्या."

सूनबाईच्या पानावर लालभडक बटण होतं, "आत्ताच खरेदी करा". वर एक घड्याळ टिकटिकत होतं, ‘सवलतीचे फक्त दोन तास शिल्लक’. ते दोन तास कोणाचेच कधी संपत नसत. जो येईल त्याला नवे कोरे दोन तास मिळत. काकांनी घड्याळ काढून टाकलं, मजकूर निम्म्यावर आणला आणि बटणासाठी कागदाच्या चिटोऱ्यावर दोनच शब्द लिहून दिले, "बघू या".

ते वाचून सूनबाईला हसू आवरेना. "काका, आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’."

काकांना तिची कीव आली. एकोणतीस वर्षांत त्यांनी जेवढे ‘बघू’ ऐकले होते तेवढे तिने टक्के ऐकले नसतील. नुसतं ‘बघू’ म्हणणारा मनाने केव्हाच जिना उतरलेला असतो. ‘बघू बघू’ म्हणणाऱ्याला घासाघीस करायची असते, तो दुकान बंद व्हायच्या आत परततो. सगळ्यांत वाईट ते ‘बघू हं’. ते मायेने म्हणतात, कधी खांद्यावर हातही ठेवतात, आणि तो माणूस पुन्हा म्हणून तोंड दाखवत नाही. ‘बघू या’ म्हणणारा मात्र बरोबरच्या माणसाकडे वळून म्हणतो. गादी ही दोघांची गोष्ट आहे, आणि त्या ‘या’मध्ये दोन माणसं असतात. एवढं सगळं काकांनी तिला सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "मॅडम, लावून तर बघा."

कसोटीचा कारभार आकडेबुवांकडे होता. दुसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसणारा हा मुलखाचा काटेकोर माणूस. त्याने नियम घातला की निकाल लागेपर्यंत दुकानातल्या कोणी त्या पानांकडे फिरकायचं नाही, उगाच बटणं दाबली जातात आणि आकडे बिघडतात. काकांनी नियम निष्ठेने पाळला. आपलं पान कसं दिसतं हेसुद्धा त्यांनी पाहिलं नाही.

दहा दिवसांनी आकडेबुवांनी काचेतून खुणावलं. "काका, तुमचं बटण लोक धडाधड दाबतायत."

"म्हणजे जिंकतोय?"

"दाबतात आणि निघून जातात. गाद्या जातायत मॅडमच्या पानावरून."

काकांची जेवणावरची वासना उडाली. गोदामातल्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. आपण माणसं ओळखतो हा एवढा एकच तोरा त्यांनी जन्मभर मिरवला होता, आणि तोच खोटा निघत होता.

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी काकू फोन घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. पाठीमागे उशी होती, कारण त्यांची कंबर गेली काही वर्षं स्वतःच्या मर्जीने वागत होती. समोर काका वर्तमानपत्र धरून होते, वाचत नव्हते.

"अहो, तुमच्या त्या पानावर नुसतं ‘बघू’ का हो लिहिलंय?"

वर्तमानपत्र खाली आलं. "नुसतं? ‘बघू या’ असेल."

"‘या’बिया काही नाही. हे बघा."

"तू कशाला गेलीस त्या पानावर?"

"गादी बघायला," काकू म्हणाल्या. "ती चार नंबरची. रोज बघते. मला वाटलं, घरातलंच वाक्य नेऊन लावलंत."

या घरातली गादी मधोमध इतकी खचली होती की रोज सकाळी काकूंना तिच्यातून वर चढून यावं लागे. अकरा वर्षं त्या नवी गादी मागत होत्या, आणि अकरा वर्षं काका एकच उत्तर देत होते. गादीवाल्याच्या घरी हे असं. पण त्या क्षणी काकांना ना काकू दिसत होत्या, ना त्यांची कंबर. त्यांना फक्त तो गळालेला ‘या’ दिसत होता, आणि ते फोनवर आकडेबुवांचा नंबर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. पान रंगवणाऱ्या मुलीने शांतपणे सांगितलं, "फोनच्या पडद्यावर ‘या’ खालच्या ओळीत पडत होता, वाईट दिसत होतं. मग काढला. अर्थ तोच राहतो ना?"

काका खुर्चीत बसले. "अगं, ‘चल’ आणि ‘चल जा’ यांचा अर्थ एक असतो का?" मुलगी विचारात पडली. तेवढ्यात सूनबाई आली आणि म्हणाली की आता खेळ अर्ध्यावर आलाय, राहू दे. इथे, एरवी फक्त जेवायला उठणारे आकडेबुवा काचेच्या खोलीतून बाहेर आले. "मॅडम, जे त्यांनी लिहिलं ते लावलंच नाही, तर तपासलं काय आपण? मधेच बटणही बदलता येणार नाही. पहिल्यापासून मोजावं लागेल." सूनबाईने ओठ आवळले, पण हिशोबाला ती बांधील होती. बटण रुंद केलं, ‘या’ शेजारी येऊन बसला, आणि तीन आठवडे पुन्हा शून्यापासून सुरू झाले.

निकालाच्या सकाळी सगळे मालकांच्या खोलीत जमले. आकडेबुवांनी घसा साफ केला. "दोन्ही पानांवरून गाद्या जवळजवळ सारख्याच गेल्या. जो फरक आहे तो योगायोगाचाही असेल. कोणी जिंकलं असं मी म्हणणार नाही."

"म्हणजे माझं घड्याळ आणि यांचा ‘या’ सारखेच?" सूनबाईने विचारलं.

"एवढ्या गिऱ्हाइकांत सांगता येत नाही. आणखी सहा महिने मोजलं तर कळेल."

जिंकलं तर काय आणि हरलं तर काय, हे ठरलं होतं. बरोबरीत सुटलं तर काय, हे कोणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालक उठले, काकांपाशी आले, खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "बघू हं, काका."

सूनबाईला ते उत्तर वाटलं नाही, आकडेबुवांनी वहीत काही लिहिलं नाही. खोलीत त्याचा अर्थ एकट्या काकांना कळला. ते मान हलवून तिसऱ्या मजल्यावर आले आणि खिडकीशी उभे राहिले. फार वाईट वाटलं त्यांना. आणि त्या वाईट वाटण्यातच त्यांना तो आवाज ओळखू आला. मालकांचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. काकूंना ते नुसतं ‘बघू’ म्हणत नसत, ‘बघू हं’ म्हणत. कधी खांद्यावर हातही ठेवत. अकरा वर्षं.

त्यांनी घरी फोन लावला. "दुकानात ये. चार नंबरची गादी घेऊ."

काकू म्हणाल्या, "बघू हं," आणि फोन ठेवला.

चार वाजता त्या जिना चढून आल्या, दर वळणावर कठड्याला धरून थांबत. काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "जरा लोळून..." पण काकूंनी तोवर न सांगता चपला काढल्या होत्या. काका खिडकीशी गेले. चष्मा पुसायला लागले, आणि आज तो खरोखरच पुसण्याजोगा झाला होता.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. "काय ठरलं हो मजल्याचं?"

"बघ..." काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "बंद होणार," ते म्हणाले. "मला गोदामात बसवणार."

काकू छताकडे बघत पडून होत्या. मग त्या भिंतीकडे सरकल्या आणि अर्धी गादी मोकळी झाली.

"या," त्या म्हणाल्या.

काकांनी बूट काढले.