पुरचुंडी आणि ताईचं स्थळ

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न माझ्या सर्दीमुळे जमलं. पत्रिका वगैरे जुळली होतीच. पण घोडं पुढे ढकललं ते सर्दीने.

नव्वदीतली गोष्ट. सटाण्याचे पाहुणे ताईला बघून गेले, 'कळवतो' म्हणाले आणि महिना झाला तरी कळवेनात. ताईचं जेवणावरचं लक्ष उडालं. एक दिवस मुलगा वडिलांबरोबर कांद्याच्या कामाला आमच्या नाशकात आल्याचं समजलं आणि बाबांनी धाडस केलं. सगळ्यांनी मिळून सिनेमा! मुलामुलीला चार शब्द बोलता येतील.

"मात्र मध्ये तू बसायचंस," बाबांनी मला बजावलं. (मध्ये भाऊ बसल्यावर ती दोघं बोलणार काय, हे विचारायची माझी छाती नव्हती.)

मी नुकताच तापातून उठलो होतो. नाक तर सिमेंटने लिंपल्यासारखं बंद! आईने ओवा भाजून रुमालात पुरचुंडी बांधून दिली. "हुंगत राहा. आणि पाहुण्यांसमोर शिंकलास तर बघ!"

मी पुढे वाकून इमानेइतबारे हुंगत राहिलो. मध्यंतरात पुरचुंडी गार पडली, म्हणून भजीवाल्याच्या कोळशाच्या शेगडीवर कडक शेकून घेतली, पँटच्या खिशात टाकली आणि परत मध्ये येऊन बसलो. (रुमालाची कड धुमसत होती, हे कुणाला ठाऊक?)

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "काहीतरी जळतंय हो!"

"मला तर काहीच वास येत नाही!" मी सगळ्यांना धीर दिला. मांडी छान शेकत होती. आईच्या ओव्याला काय गुण आहे!

"अहो, धूर! आग लागली, आग!"

मीही "आग! आग!" ओरडत उठलो आणि वाकून खुर्च्यांखाली शोधू लागलो. तेवढ्यात मागच्या बाई किंचाळल्या, "अरे मेल्या, तुझाच खिसा पेटलाय!" आणि थंडगार सरबताची अख्खी बाटली माझ्यावर रिकामी झाली.

फटकन दिवे लागले. अख्खं थिएटर माझ्याकडे बघत होतं. आमची माणसं सोडून! बाबांचा आ वासलेला. आईचा पदर तोंडावर. माझ्या रिकाम्या खुर्चीवर ताईचा हात त्या मुलाच्या हातात, घट्ट!

"काय शे हाई?" मुलाचे वडील अहिराणीत कडाडले.

"नाना, माझा होकार आहे," मुलगा जमिनीला सांगत होता.

"ते दिसी ऱ्हायनं माले!"

मी ओला खिसा पिळत विचारलं, "ताई, कधीपासून गं?"

"तू वाकून हुंगायला लागलास ना, तेव्हापासून. तुझ्या पाठीमागून."

तिथेच, सरबताच्या थारोळ्यात उभं राहून, दोन्ही बापांनी सुपारी फोडायचं ठरवलं.

लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान भावाचा. मी ऐटीत पुढे झालो, तोच बाबा भरमांडवात ओरडले, "जावईबापू, आधी तुम्हीच त्याचा पिळा! राखणीला बसवला होता त्याला!"