भिंतीपलीकडचा फोन

संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या की माझ्या स्वयंपाकघरातल्या स्पीकरचा निळा दिवा लुकलुकतो. शेजारचे भाऊजी घरी आले.

आमच्या वास्तुशांतीला सनई लावायची म्हणून मीच त्यांचा फोन या स्पीकरला जोडून घेतला होता. माणसं पाहुणचार विसरतात, स्पीकर विसरत नाही. अजूनही त्यांचा फोन भिंतीपलीकडून याला येऊन चिकटतो, माझी गाणी बंद पडतात आणि भाऊजींच्या बहिणीचे व्हॉइस मेसेज सुरू होतात. “दादा, ती तुमची खडूस शेजारीण काय म्हणते?” हे मी फोडणी देताना ऐकलं. मोहरी जळली.

स्पीकरच्या ॲपमध्ये कोण जोडलंय ते फुकट दिसतं. त्याला हाकलायचं असेल तर पैसे भरा. वायर होती तेव्हा राग सोपा होता, खसकन उपटली की झालं. आता आपणच आत घेतलेल्याला बाहेर काढायचे पैसेही आपणच द्यायचे!

काल चिडून पैसे भरणारच होते, तेवढ्यात भाऊजींची बायको, आमच्या वहिनी, पापड लाटायला आल्या. थोड्या वेळानं जिन्यात चपला वाजल्या. मी फोन बाजूला ठेवला आणि स्पीकर हळूच वहिनींच्या जवळ सरकवला.

“दादा, वहिनीला सांगू नकोस,” नणंदबाई सुरू झाल्या, “पण तिची आमटी म्हणजे नुसतं पाणी रे!”

वाटलं, आता लाटणं आपटून ही बाई तडक घरी जाणार. पण त्यांनी पापड शांतपणे फिरवला.

“आवाज जरा वाढवा,” त्या म्हणाल्या.